झाकणावरची खूण

दिनांक १७ जानेवारी १९८८, रविवार. वेळ सकाळी साडेनऊ. स्थळ सातारा, राजपथामागील श्रमसाफल्य सभागृह. प्रसंग आमच्या चित्ररसिक मंडळाचा तेविसावा खेळ. उपस्थिती एकशे अडतीस. पैकी तिसऱ्या रांगेत, मधल्या वाटेलगतच्या खुर्चीवर, माझे वडील.

“सर, दिवे घालवू का?” सभागृहाच्या मागच्या टोकाकडून गुलाबभाईंनी विचारले. गुलाब मुजावर आमचा प्रोजेक्टर चालवत. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणे हा त्यांचा मूळ व्यवसाय, त्यामुळे ते हाकही सुरात मारत.

“एक मिनिट,” मी म्हणालो. पडद्याच्या उजव्या बाजूला एक लहान मेज, त्यावर झाकलेला दिवा, मायक्रोफोन आणि माझ्या हस्ताक्षरातील एक्याण्णव पृष्ठे अशी माझी मांडणी होती. मला एक मिनिट हवे होते ते केवळ डोळ्यांची खात्री करून घेण्यासाठी. अण्णा खरोखरच आले होते. शेजारी बसलेल्या आईने मला हात केला. अण्णांनी छताच्या पंख्याकडे पाहिले.

अण्णा आणि मी एकाच घरात राहत होतो आणि दोन वर्षे दोन महिने एकमेकांशी एक शब्दही बोललो नव्हतो.

हरि विनायक रिसबूड, म्हणजे अण्णा, जिल्हा न्यायालयात चौतीस वर्षे नोकरी करून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. न्यायाधीशांच्या उंच आसनाच्या पायथ्याशी त्यांचे मेज असे. त्या मेजावर त्यांनी बावीस न्यायाधीशांची दप्तरे लावली, बावीस जणांचे निकाल बांधून ठेवले. स्वतः मात्र एकही दिला नाही. आपला मुलगा त्या आसनावर बसेल, हे त्यांनी माझ्या मुंजीच्या आधीच ठरवून टाकले होते. मी कायद्याची पदवी घेतली, सनद काढली, अकरा महिने काळा कोट घातला आणि बाराव्या महिन्यात तो खुंटीला अडकवून महाविद्यालयात मराठी शिकवू लागलो. जुन्या गद्याचे मला वेड होते आणि आहे. एखादे वाक्य तीन उपवाक्यांचा भार सांभाळून सरळ उभे राहिलेले दिसले की मला अजूनही नमस्कार करावासा वाटतो. परंतु अण्णांना मी नमस्कार करणे थांबवले होते.

“माझ्यासमोर उभा राहा आणि ‘चुकलो’ म्हण,” कोट खुंटीला लागला त्या दिवशी ते म्हणाले होते. “मग पुढचं बोलू.”

“चूक झालेली नसताना चुकलो म्हणणं ही खोटी साक्ष होईल,” मी उत्तरलो. “आधी तुम्ही म्हणा, की निवड माझी होती. मग मी हव्या तितक्या वेळा वाकतो.”

“आधी तू.”

“आधी तुम्ही.”

वाद एवढाच होता. आणि आम्ही दोघेही वादाला पक्के असल्यामुळे तो तेथेच गोठला. पुढचा सर्व व्यवहार आईमार्फत झाला. एकाच पंगतीत, एका हाताच्या अंतरावर बसून अण्णा म्हणत, “त्याला विचार, ताक घेणार का,” आणि मी म्हणे, “त्यांना सांग, घेईन.” आई ताक वाढता वाढता म्हणे, “टेलिफोन खात्यात असते तर एव्हाना पेन्शन लागली असती मला.”

आता ही व्यवस्थाही मोडणार होती. अमळनेरच्या महाविद्यालयात मला कायमची जागा मिळाली होती आणि मंगळवारी सकाळी मी सातारा सोडणार होतो.

“मंगळवारनंतर कसं करायचं?” आईने शुक्रवारी आम्हा दोघांच्या मध्ये उभे राहून विचारले होते. “मी निरोप काय पोस्टानं पाठवू? तुमचा एक शब्द निघत नाही, याचा एक शब्द निघत नाही. असाच गेला तर असाच राहील हा. मला माहितीय दोघंही.”

अण्णांनी वर्तमानपत्राचे पान उलटले, मी पुस्तकाचे. ती म्हणत होती ते खरे होते.

चित्रपटाविषयी सांगितले पाहिजे. तो कोरियाचा होता, कृष्णधवल, पंचवीसेक वर्षांपूर्वीचा. सोलमध्ये त्या वर्षी ऑलिंपिक व्हायचे होते आणि त्या निमित्ताने तिकडचे काही जुने चित्रपट आपल्याकडच्या मंडळांमध्ये फिरत होते. आमच्या वाट्याला आलेल्या प्रतीवर उपशीर्षके नव्हती. संवादांची, दृश्यांच्या टिपांसह, एक टंकलिखित इंग्रजी प्रत तेवढी महिनाभर आधी टपालाने आली. मंडळाचे चिटणीस डॉक्टर नाडगीर हे दातांचे डॉक्टर. त्यांनी ती माझ्या हाती ठेवली आणि म्हणाले, “रिसबूड, तुम्ही मराठी करा आणि पडद्याशेजारी बसून वाचा. तुमचा आवाज खणखणीत आहे. दात काढतानासुद्धा तुम्ही माझ्याशी वाद घातलात.”

मी तीन आठवडे खपून भाषांतर केले. कथा अशी होती: एका खेड्यात घोड्याच्या केसांच्या, जाळीदार, उंच टोप्या विणणारा एक वृद्ध कारागीर राहतो. पूर्वी प्रत्येक प्रतिष्ठित पुरुष तशी टोपी घाली. आता कोणी घालत नाही. एकुलत्या एका मुलाने ती कला पुढे चालवावी असा त्याचा हट्ट. मुलगा शहरात जाऊन छापखान्यात अक्षरजुळणी करू लागतो. बाप म्हणतो, मला मुलगा नाही. कथा चार रिळांची. पहिल्यात भांडण, दुसऱ्यात शहर, एकटेपणा आणि शेवटी गावाकडची गाडी. तिसऱ्यात मुलगा बर्फ पडत असताना अंगणात येऊन गुडघे टेकतो, कपाळ जमिनीला लावतो आणि क्षमा मागतो. बाप बराच वेळ दार उघडत नाही, अखेर उघडतो. चौथ्यात सकाळ होते. मुलगा आत झोपलेला आहे. बाप त्याचे बाहेर राहिलेले बूट उचलतो, त्यांवरचे बर्फ बाहीने पुसतो आणि ते घरातल्या उबदार जमिनीवर ठेवतो. त्या देशात चुलीची धग फरशीखालून फिरवतात. मग तो मुलाला म्हणतो, हट्ट माझाही होता.

मुलाच्या तोंडी मी ‘हे तात’ घातले होते.

“अहो, तो टोप्या विणणारा माणूस आहे,” नाडगीर म्हणाले, “पेशव्यांचा कारभारी नव्हे!”

“कारागिराच्या घरात आदर नसतो असं तुमचं म्हणणं आहे का?” मी विचारले. आम्ही त्यावर पाऊण तास घालवला. ‘तात’ राहिले, आणि पुढची मराठी काय, मुळातली इंग्रजी काय, पाने नाडगीरांनी उघडलीच नाहीत.

चित्रपट मला फार आवडला आणि त्याचा रागही आला. कारण उघड होते. त्यात मुलगा आधी येतो. आधी तो वाकतो, मग बाप विरघळतो. दोन वर्षे मी जिला नकार देत होतो ती विरुद्ध पक्षाची संपूर्ण बाजू मीच, माझ्या खणखणीत आवाजात, ध्वनिक्षेपकावरून वाचणार होतो. अण्णांनी तो पाहायला येऊ नये असे मला वाटे. यावे असेही वाटे. आईने दुसरे ऐकले.

“चला हो रविवारी,” ती अण्णांना म्हणाली. “तो बोलेल आणि तुम्हाला उत्तर द्यावं लागणार नाही. असा योग परत यायचा नाही.”

रिळांचे चार पत्र्याचे डबे शनिवारी दुपारी पार्सलने आले. गंजलेले, तेलकट, झाकणांवर सतरा गावांच्या चिठ्ठ्यांचे अवशेष. मला ते पाहवेना. मी घरी नेऊन चारही झाकणे काढली, रॉकेलच्या बोळ्याने घासली, अंगणात उन्हात ठेवली आणि वाळल्यावर त्यांवर ठळक देवनागरी आकड्यांच्या नव्या चिठ्ठ्या चिकटवल्या. अण्णा ओसरीवरच्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. म्हणजे वाचत नव्हते.

“त्याला सांग,” ते आईला म्हणाले, “खूण झाकणावर करू नये. झाकण कुठलंही कुठंही बसतं. खूण आतल्या ऐवजावर करायची असते. चौतीस वर्षं दप्तरं बांधलीत मी.”

“त्यांना सांग,” मी झाकणे लावता लावता म्हणालो, “हे कोर्ट नाही. आणि चार डब्यांचा हिशेब ठेवण्याइतकं मराठीच्या प्राध्यापकालाही समजतं.”

“त्याला म्हणावं, समजतं म्हणणारेच चुकतात. न समजणारे विचारून घेतात.”

“त्यांना म्हणावं, हे वाक्य सुंदर आहे, पण इथे लागू नाही!”

“दोघंही गप्प बसा,” आई म्हणाली. “माझे सांडगे वाळतायत.”

बोलता बोलता शेवटचे झाकण मी दाबून बसवले. माझे सर्व लक्ष उत्तराच्या रचनेकडे होते.

“घालवा दिवे, गुलाबभाई,” मी म्हणालो.

पहिले रीळ उत्तम गेले. जाळीदार टोपी पडद्यावर येताच मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी म्हणाला, “चहाची गाळणी!” आणि सभागृह हसले, पण पाच मिनिटांनी तोच म्हातारा घोड्याचा एकेक केस दातांत धरून विणू लागला तेव्हा कोणी हसेना. बाप आणि मुलगा समोरासमोर बसून मधल्या आईमार्फत बोलू लागले, तेव्हा दुसऱ्या रांगेतील एक बाई मोठ्याने म्हणाल्या, “अगंबाई, हे तर आमच्याच आळीतलं!” आई पदराआड खोकली. अण्णा हाताची घडी घालून बसले होते. दुसरे रीळ संपले तेव्हा मुलगा गाडीच्या दाराशी उभा होता आणि बाहेर बर्फ पडू लागले होते.

एकच प्रोजेक्टर असल्यामुळे दोन रिळांमध्ये चार मिनिटे दिवे लागत. मी पाणी प्यालो, पृष्ठ क्रमांक अठ्ठेचाळीस उघडले, आणि दिवे पुन्हा गेले. माझ्या कागदावर लिहिले होते: ‘संध्याकाळ. अंगण. मुलगा फाटकातून येतो.’

पडद्यावर सकाळ होती.

म्हातारा घरात बसला होता. बाहेर पायरीच्या दगडावर शहरी चामड्याचे बूट होते आणि त्यांवर बर्फ साचले होते. प्रतीत एखादा तुकडा कापला गेला असावा, असे मला प्रथम वाटले. मग मी तुळईला टांगलेला कंदील पाहिला. त्याची काच फुटलेली होती आणि तेथे कागद चिकटवलेला होता. तिसऱ्या रिळाच्या अखेरीस म्हातारा दार उघडतो तेव्हा वाऱ्याने तो कंदील पडून त्याची काच फुटते, असे माझ्याजवळच्या प्रतीत स्पष्ट नमूद होते.

हे चौथे रीळ होते. झाकणे उलटी बसली होती.

माझ्या कपाळावर घाम आला, जानेवारीत. खेळ थांबवून क्षमा मागणे आणि रीळ बदलणे हा सरळ मार्ग होता. पंधरा मिनिटांचे काम. परंतु तसे करायचे तर एकशे अडतीस माणसांसमोर, आणि विशेषतः तिसऱ्या रांगेतील एका माणसासमोर, मला सांगावे लागले असते की झाकणावर खूण करू नये. मी तोंड उघडले. मी स्वतःची बाजू सावरून सांगत नाही: त्या क्षणी मला कलेची चिंता नव्हती. मला वाद हरायचा नव्हता. मी पृष्ठ क्रमांक एकाहत्तर उघडले आणि वाचू लागलो.

आणि सभागृहात काहीतरी घडले. गाडीच्या दाराशी उभा असलेला मुलगा आता घरात झोपलेला होता. तो आला, आणि कोणी काही विचारले नाही, काही मागितले नाही, असाच अर्थ लोकांनी घेतला. म्हाताऱ्याने बूट उचलले. बाहीने पुसले. एकेक बूट छातीशी धरून आत आणला, उबदार जमिनीवर तळहाताने जागा चाचपली आणि जेथे सर्वांत अधिक ऊब होती तेथे ते ठेवले. मुलगा जागा झाला. म्हातारा त्याच्याकडे न पाहता म्हणाला, म्हणजे मी म्हणालो: “टोपी ज्याच्या डोक्यावर बसत नाही त्याला ती घालू नये, हे मी गिऱ्हाइकांना शिकवले. घरात शिकवायला विसरलो. हट्ट माझाही होता.”

‘माझाही’ हा शब्द आता चमत्कारिक वाटत होता; कारण मुलाने अजून आपला हट्ट कबूल केलाच नव्हता. म्हाताऱ्याने ते वाक्य पुन्हा उच्चारले तेव्हा मी तो ‘ही’ गाळला. तीन आठवड्यांच्या मजकुरात मी केलेला तो पहिला बदल.

कोणीतरी नाक ओढले. मी चोरून तिसऱ्या रांगेकडे पाहिले. अण्णांनी हाताची घडी सोडली होती.

बापलेक पुलावरून दूर जाऊ लागले, संगीत उंचावले आणि पडद्यावर चार मोठी अक्षरे आली. त्यांचा अर्थ ‘समाप्त’ असा असणार, हे सांगायला पंडित नको होता. लोक टाळ्या वाजवत उठू लागले. दिवे लागले. नाडगीर आभार मानण्यासाठी खिशातून कागद काढत माझ्याकडे निघाले.

मी मायक्रोफोन दोन्ही हातांनी धरला.

“रसिकहो, बसून घ्यावे! कथा संपलेली नाही. आत्ता दिसलेल्या अक्षरांचा अर्थ... ‘पुढील हिवाळा’ असा आहे.”

इतके धडधडीत असत्य मी आयुष्यात त्याआधी बोललो नव्हतो. लोक बसले. सातारा शहरात त्या अक्षरांचे वाचक नव्हते. नाडगीर वाटेतच थबकले, हातातला कागद पाहू लागले आणि कुजबुजले, “हिवाळा? संगीत तर संपल्यासारखं होतं हो.”

“त्यांचे हिवाळे तसेच असतात,” मी म्हणालो आणि प्रोजेक्टरकडे धावलो.

“गुलाबभाई, काय लावलंत?”

“तिसरं. हे बघा झाकण. तुमचंच अक्षर.”

“ते चौथं होतं.”

गुलाबभाईंनी झाकणाकडे पाहिले, डब्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. “म्हणजे हे राहिलेलं...”

“तिसरं.”

“अल्ला! सर, मग आता?”

“आता लावा.”

“अहो, पण पिक्चर संपला की! लग्न लागल्यावर मुलगी बघायला जायचं म्हणताय.”

“तुम्ही बँडवाले आहात ना? वरात पोचल्यावर आणखी एक गाणं वाजवा म्हटलं तर वाजवता की नाही?”

“वाजवतो.”

“मग लावा. बोलायचं मी बघतो.”

मेजाशी मी लांब लांब ढांगा टाकत परतलो. आणि मला सांगितले पाहिजे की त्यात भय अर्धेच होते. उरलेला अर्धा भाग आनंदाचा होता. मी वर्गात शेकडो व्याख्याने दिली होती, प्रत्येक वाक्य आदल्या दिवशी घासून. आज माझ्यासमोर सतरा-अठरा मिनिटांची चित्रे येणार होती आणि माझ्याजवळ त्यांचे एकही उपयुक्त वाक्य नव्हते. तिसऱ्या रिळाची तेवीस पृष्ठे मी पालथी घातली. दिवे गेले.

अंगण. संध्याकाळ. बर्फ.

“एक वर्ष गेले,” मी म्हणालो. “शहरातून तो पुन्हा आला आहे. या वेळी त्याला कोणी बोलावलेले नाही.”

मुलगा फाटकातून आला. पेटी खाली ठेवली. बंद दाराला तिकडच्या पद्धतीने लावलेल्या कागदामागे दिव्याच्या उजेडात बापाची सावली बसलेली दिसत होती. तुळईला कंदील होता, अखंड काचेचा. तो कोणाच्या लक्षात येऊ नये अशी मी मनोमन प्रार्थना केली. मुलाने गुडघे टेकले. दोन्ही तळहात बर्फावर ठेवले आणि कपाळ त्यांवर टेकवले. तो बोलू लागला. त्याचे ओठ हलत होते आणि शब्द मला द्यायचे होते. माझ्या कागदांत होते, ‘हे तात, मी पापी आहे, मला क्षमा करा.’ क्षमा झालेला माणूस असे कशाला म्हणेल?

“हे तात,” मी सुरुवात केली, “मागच्या हिवाळ्यात तुम्ही मला क्षमा केली. मी मागितली नव्हती. मागायला तुम्ही मला वेळच दिला नाही. ते माझ्याकडून राहून गेले आहे, म्हणून मी आलो.”

मला प्रोजेक्टरची टकटक दोन कानांनी वेगवेगळी ऐकू येऊ लागली. मुलगा अजून बोलत होता. मला थांबता येईना.

“मी टोप्या विणल्या नाहीत. विणणारही नाही. ते सांगायला मी आलेलो नाही, ते तुम्हांला ठाऊक आहे. मी हे सांगायला आलो, की छापखान्यात मी अक्षर जुळवतो तेव्हा शिशाचा प्रत्येक खिळा सरळ बसला की नाही हे बोटाने दोनदा तपासतो. मालक हसतो. म्हणतो, इतकी काळजी कोण घेतो? मी घेतो, कारण मी लहानपणी एका माणसाला पाहिले आहे, जो घरी आणलेली दप्तरे...”

मी अडखळलो. टोप्या. तो टोप्या विणत होता.

“...जो एकेक केस उजेडात धरून पाहत असे. माझ्या बोटांत तीच बोटे आहेत. मी तुमचे काम सोडले. तुमची सवय सुटली नाही, अण्णा.”

‘तात’ म्हणायचे होते. निघाले ते निघाले. ध्वनिक्षेपकाने ते भिंतीपर्यंत नेले आणि परत आणले.

पडद्यावर दाराआडची सावली उठली. मला ठाऊक होते पुढे काय येणार. म्हातारा आतून ओरडतो. गळ्याच्या शिरा ताणून, मूठ उगारून ओरडतो. मुळातले वाक्य होते, ‘चालता हो! मला मुलगा नाही!’ सावलीची मूठ वर गेली. तो कर्कश, परका आवाज सभागृहात घुमला आणि एकशे अडतीस चेहरे माझ्याकडे वळले. बूट उबेला ठेवणारा हा बाप आता का ओरडतो आहे?

“ऊठ!” मी ओरडलो. “ऊठ तिथून! माझ्या मुलाने असे कोणापुढे पडायचे नाही! माझ्यापुढेही नाही!”

कोणीतरी हुंदका दिला. मागच्या बाकावरून, चहाच्या गाळणीच्या दिशेने, टाळी आली आणि मग सगळ्या सभागृहातून. त्या टाळ्यांतच पडद्यावरचे दार उघडले, वारा शिरला, कंदील पडला, काच फुटली आणि म्हातारा अनवाणी बर्फात धावत आला. त्याने मुलाला काखेत हात घालून उभे केले. रीळ तेथेच संपले. ना संगीत, ना अक्षरे. पडदा पांढरा झाला आणि तसाच राहिला. मला तो बर्फच वाटला.

नाडगीरांना आभार मानता आले नाहीत. ते दोनदा “मंडळी” म्हणाले आणि डोळे पुसून खाली बसले.

गर्दी ओसरल्यावर मी डबे आवरण्यासाठी प्रोजेक्टरपाशी गेलो. अण्णा तेथे आधीच उभे होते. चष्मा कपाळावर चढवून ते डबे पाहत होते. झाकणे नव्हे, डबे. गुलाबभाई वायर गुंडाळण्यात नको इतके गुंतले होते. आई मागून आली.

“त्याला विचार,” अण्णा म्हणाले.

“मी नाही विचारणार,” आई म्हणाली. “मी रडून दमलेय. तुमचं तुम्ही विचारा.” आणि ती एका खुर्चीवर चक्क पाठ करून बसली.

अण्णांनी घसा साफ केला. मला वाटले, ते निघून जातील. दोन वर्षे दोन महिने. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

“तो कंदील,” ते म्हणाले.

ते मला म्हणाले.

“होय,” मी म्हणालो.

“आधी कागद चिकटवलेला होता. नंतर काच धड होती. मग फुटली. कोरियात काच आधी जोडतात आणि मग फोडतात, असं आहे का?”

“नाही.”

“मग?”

“झाकणं उलटी बसली. तिसऱ्याचं चौथ्याला.”

“कोणी बसवली?”

“मी. तुम्हांला उत्तर देण्याच्या नादात.”

“मी सांगितलं होतं.”

“सांगितलं होतं. खूण आतल्या ऐवजावर हवी होती.”

हा मुद्दा जिंकल्याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसेल अशी माझी अपेक्षा होती. दिसले नाही. “तो जे बोलला, बर्फात, ते त्या टाइप केलेल्या कागदांत होतं?”

“नव्हतं.”

“दप्तरं?”

“तीही नव्हती.”

आईने पाठ वळवलेलीच ठेवली होती, पण तिची मान आमच्या बाजूला झुकली होती.

“आणि मुळात कसं आहे?” अण्णांनी विचारले. “खरा क्रम काय?”

येथे मला खोटे बोलता आले असते. त्या सकाळी मी एकदा बोललोच होतो आणि ते पचले होते. मूळ चित्रपट माझ्या विरुद्ध होता; आणि ते ठाऊक असलेला त्या सभागृहात मी एकटाच होतो.

“मुळात मुलगा आधी येतो,” मी म्हणालो. “बर्फात गुडघे टेकतो, पापी आहे म्हणतो. बाप आतून ‘चालता हो’ म्हणतो आणि फार वेळानं दार उघडतो. बूट उचलतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे आधी मुलगा, मग बाप. मूळ चित्रपट तुमच्या बाजूनं आहे, अण्णा.”

“आधी मुलगा,” ते म्हणाले.

“होय.”

अण्णांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि धोतराच्या सोग्याने पुसला. एक काच, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. मग खिशातून पेन्सिल काढली. खाली वाकून त्यांनी एका डब्याच्या अंगावर, झाकणावर नव्हे, त्यांच्या शिरस्तेदारी वळणात ‘४’ असा आकडा घातला आणि शेजारच्या डब्यावर ‘३’. त्यांना उठायला त्रास होऊ लागला, म्हणून मी काखेत हात दिला. ते उभे राहिले आणि मी तसाच खाली वाकलो. माझा हात त्यांच्या पायांना लागला. या वेळी मला कोणी काही म्हणायला सांगितले नव्हते.

“ऊठ,” ते म्हणाले. “मंगळवारची गाडी किती वाजता आहे?”

“सकाळी सहाला.”

“मी येतो स्टँडवर.”

आईने खुर्ची वळवली. “मग काय ठरलं?” तिने विचारले. “कोणाचं खरं?”

अण्णा ताठ उभे राहिले. कोणाच्याही आसनाच्या पायथ्याशी उभा असलेला माणूस तसा उभा राहत नाही. ते मोठ्याने, सावकाश, नोंदवून घेणाऱ्याला प्रत्येक शब्द मिळेल अशा बेताने बोलले.

“खालच्या कोर्टाचा ‘आधी मुलगा’ हा निकाल रद्द. आजचा क्रम कायम.”